वीज आल्यानंतरची घारापुरी

घारापुरीच्या लेण्यांना 1987 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या लेण्यांच्या आसपास राहणाऱ्या माणसांच्या घरात दिवसरात्र वीज यायला मात्र 2018 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मधली बरीच वर्षं बेटावर जनरेटरचं राज्य होतं: संध्याकाळी तीन-साडेतीन तास दिवे, मग काळोख. समोरच्या किनाऱ्यावर सिडको हे सरकारी महामंडळ 1970 पासून नवी मुंबई वसवत होती. 1989 मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं आणि त्याचा लखलखाट घारापुरीकर रोज रात्री पाहत राहिले. पर्यटक तेव्हा बेटावर नसायचेच. त्यांना तिथे मुक्काम करता येत नाही.

बेट उरण तालुक्यातलं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं, ग्रामपंचायत एक, वस्ती सुमारे बाराशेची. एवढ्या मतांसाठी समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल कोण टाकणार, असा हिशेब वर्षानुवर्षं झाला असणार. अखेर महावितरणने ती टाकली, खर्च आला सुमारे 25 कोटी.

याच सुमारास पॅसिफिक महासागरात, अमेरिकन सामोआतल्या ताऊ बेटावर वेगळी वाट निघाली. तिथली वस्ती घारापुरीच्या निम्मी, सहाशेच्या घरात. किनारा इतका दूर की केबलचा प्रश्नच नाही. डिझेलवर चालणारं ते बेट 2016 मध्ये सौरऊर्जा आणि बॅटऱ्यांवर आलं. तरीही तिथली माणसं कमीच होत चालली आहेत. विजेने घर उजळतं, पण रोजगार नसेल तर तरुण थांबत नाहीत.

घारापुरीत रोजगार म्हणजे थोडी भातशेती, मासेमारी आणि बाकी सारं पर्यटकांवर: दुकानं, खानावळी, वाटाडे. हा डोलारा किती नाजूक आहे ते 2020 च्या टाळेबंदीत लेणी बंद झाली तेव्हा कळलं. बेटाला जोडणारी पाण्याची वाटही तितकीच नाजूक: 18 डिसेंबर 2024 ला मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून बेटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. दवाखान्यासाठी, कामासाठी बेटावरच्यांनाही पाण्यावरूनच जावं लागतं. म्हणून माझ्या मते वीज हे अर्धंच काम झालं. रात्रीअपरात्री आजाऱ्याला नेता येईल अशी भरवशाची बोट हे उरलेलं अर्धं.

तुम्ही गेलात तर लेण्यातली त्रिमूर्ती पाहून लगेच परतीची बोट धरू नका, मोराबंदरपर्यंत चालत जा. सोमवारी लेणी बंद असतात, गावं नसतात.