वर्धाकाठची कापूसपेठ : आर्वी

वर्धा नदी सातपुड्यातील मुलताईच्या पठारावर उगम पावते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जाते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे नगर याच नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. येथील पाणी असे पूर्वेच्या समुद्राला जात असले, तरी येथील कापसाची वाट मात्र पश्चिमेची, मुंबई बंदराची व अरबी समुद्राची राहिली आहे. आर्वीचा उत्कर्ष या वाटेने झाला आणि आर्वीपुढील आजच्या आर्थिक प्रश्नांचे मूळही याच वाटेवर सापडते.

तेलंगरावांची आर्वी

सुमारे चारशे वर्षांपूर्वी तेलंगराव यांनी हे गाव वसविले, अशी परंपरा आहे. त्यामुळे जुन्या नोंदींत ‘आर्वी तेलंगराव’ असेही नाव आढळते. तेलंगराव ब्राह्मण होते असे काही मानीत, तर ते मुसलमान होते असे इतरांचे म्हणणे असे. हा वाद कधी सुटला नाही आणि तो सुटावा अशी निकडही कोणास भासली नाही. त्यांच्या समाधीला हिंदू व मुसलमान दोघेही भक्तिभावाने वंदन करीत आले. गावाच्या स्थापनेचा मान दोन्ही समाजांनी वाटून घेतल्याचे असे उदाहरण विरळाच.

१८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८६७ मध्ये आर्वीला नगरपालिका मिळाली. १९०१ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या १०,६७६ होती. त्या काळी मध्य प्रांतातील प्रमुख कापूसपेठांत आर्वीची गणना होत असे.

परिसरातील दर्शनीय स्थळे

आर्वीच्या पश्चिमेस देउरवाडा हे नदीकाठचे गाव असून पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे स्थान प्रसिद्ध आहे. आषाढी वारीसाठी येथून पालखी पंढरपुरास जाते व कार्तिकात यात्रा भरते. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननात प्राचीन वस्तीचे अवशेष प्रकाशात आले.

पूर्वी आर्वी तालुक्यात असलेले आष्टी आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. जहांगीर बादशहाच्या काळातील सरदार महंमदखान नियाझी यांची कबर तेथे आहे. आष्टीचे नाव घराघरांत पोहोचले ते मात्र १६ ऑगस्ट १९४२ च्या घटनेने. ‘छोडो भारत’ आंदोलनात पोलीस ठाण्यावर गेलेल्या जनसमुदायावर त्या दिवशी गोळीबार झाला व गावकऱ्यांना हौतात्म्य आले.

कापूस आणि लोहमार्ग

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून होणाऱ्या निर्यातीला अपूर्व तेजी आली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. त्या मार्गावरील पुलगाव स्थानकामुळे आर्वीच्या मालाला बंदराची वाट मिळाली. तरीही पुलगावपर्यंतचा प्रवास बंडीनेच करावा लागे. १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग खुला झाला आणि ही अडचण दूर झाली. किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या व्यवस्थेखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने तो बांधला होता. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गही याच कंपनीचा. हे सर्व मार्ग प्रथम कापसाच्या गाठींसाठी व नंतर प्रवाशांसाठी होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढे मोटार वाहतूक वाढली व ही छोटी गाडी बंद झाली. मार्ग रुंदमापी करण्याचा प्रकल्प आता मंजूर झालेला आहे.

एका गाठीचा हिशेब

आर्वीचे अर्थकारण समजून घ्यावयाचे, तर कापसाच्या एका गाठीचा हिशेब पाहावा. सुमारे पाच क्विंटल कापूस जिनिंगमध्ये रेचला असता १७० किलोची रुईची एक गाठ तयार होते. उरते ती सरकी, आणि तिचे वजन रुईच्या जवळजवळ दुप्पट असते. सरकीपासून तेल निघते व ढेप मिळते. रुईचे सूत, सुताचे कापड आणि कापडाचे कपडे होतात. यांतील प्रत्येक टप्प्यावर मालाची किंमत वाढते व हातांना काम मिळते. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र पहिल्या टप्प्याचीच किंमत येते आणि पावसाची व बोंडअळीची जोखीमही त्यालाच सोसावी लागते. राज्यात १९७२ पासून अनेक वर्षे कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविली गेली. तिने भावाच्या प्रश्नाला हात घातला, पण पुढील टप्पे गावाजवळ आणण्याचे काम अपुरेच राहिले.

गवळाऊचे गोधन

सरकीच्या ढेपेचा संबंध या भागातील दुसऱ्या संपत्तीशी आहे. आर्वी, आष्टी व कारंजा ही गवळाऊ गोवंशाची मूळ भूमी होय. पांढऱ्या वा राखी रंगाचे, लांबट बांध्याचे आणि चालीला वेगवान असे हे बैल बंडीसाठी नावाजलेले आहेत. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे शासनाचे पशुपैदास क्षेत्र आहे. ट्रॅक्टर आल्यानंतर बैलांची मागणी घटली, शुद्ध जातीची जनावरे कमी झाली आणि शेतातील शेणखतही त्याबरोबर घटले. कापूस, ढेप, जनावर व खत हे चक्र एका ठिकाणी तुटले की सर्वत्र त्याचा परिणाम जाणवतो.

पुढील वाट

आर्वी तालुक्यातील धनोडी येथील निम्न वर्धा प्रकल्पाने सिंचनाची शक्यता वाढविली आहे. ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झालेला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो. जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे कोरडे बंदर उभारण्याचे कामही जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने हाती घेतले. समुद्र अशा रीतीने आणखी जवळ आला आहे.

परंतु १९१७ च्या लोहमार्गाने दिलेला धडा विसरून चालणार नाही. वाट जवळची झाली म्हणून गावाचा वाटा आपोआप वाढत नाही. कच्चा माल केवळ अधिक वेगाने बाहेर जातो. काडीकचरा व प्लॅस्टिकचे धागे न मिसळता केलेली वेचणी, प्रतवारी करून एकत्रित विक्री, गटामार्फत जिनिंग व सरकीचे तेल, गवळाऊच्या वळूंची जपणूक या गोष्टींना ग्रामपंचायत, सहकारी संस्था आणि शाळा यांच्या आवाक्यात आरंभ करता येतो. गाठ बंदराकडे जावी, पण तिची शक्य तेवढी किंमत वर्धेच्या काठी राहावी, हेच आर्वीच्या विकासाचे सूत्र ठरले पाहिजे.