वीज मोफत, पाणी महाग!

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव परिसराच्या पोटात काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात पावसाचे जेवढे पाणी मुरेल, तेवढाच भूजलाचा साठा. रब्बीचा गहू-हरभरा आणि विहिरींवर विसंबलेल्या वस्त्यांचे उन्हाळ्यातील पिण्याचे पाणी, दोन्हींचा भार त्याच्यावरच. त्यामुळे विजेचे धोरण मुंबईत ठरत असले, तरी त्याचा परिणाम येथील विहिरींच्या तळाशी दिसतो.

२००४ मध्ये विधानसभा निवडणुकीपूर्वी कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी ती बंद झाली. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी ती पुन्हा लागू करण्यात आली. कोरडवाहू शेतकऱ्याला दिलासा आवश्यकच आहे. मात्र वापर वाढला तरी बिल वाढत नसेल, तर उपशाला आवर राहत नाही. त्यातच वीज ठरावीक तासच, अनेकदा रात्री येते. म्हणून पंपांना ऑटो स्विच बसविले जातात. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, पिकाला गरज असो वा नसो.

पाणी खाली गेले की विजेचा खर्चही वाढतो. १० मीटरऐवजी ३० मीटरवरून तेवढेच पाणी उपसण्यासाठी साधारण तिप्पट ऊर्जा लागते. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण करताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. म्हणजे विहीर आटते गावात आणि धूर निघतो पारस किंवा चंद्रपूरच्या धुराड्यातून. शेतीच्या स्वस्त विजेचा भार अनुदान आणि अन्य ग्राहकांच्या चढ्या दरांतून भागविला जातो. शहरी ग्राहकही या साखळीबाहेर नाही.

सौरऊर्जेने धूर कमी होईल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचा मार्ग खुला झाला. परंतु सूर्यप्रकाशाचेही बिल येत नाही; उपशाचा प्रश्न तसाच उरतो.

यावर कायदा आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर १९९३ च्या कायद्याने निर्बंध आणले. भूजलाच्या विकास व व्यवस्थापनासाठीचा २००९ चा व्यापक कायदा २०१४ मध्ये लागू झाला. मात्र वीजजोडणी देणारे खाते एक आणि भूजल मोजणारे दुसरे. जोडणी, पीकपद्धती आणि पाण्याचा ताळेबंद एकत्र मांडला गेला, तरच सवलत शेतकऱ्याच्या पदरात पडेल. अन्यथा वीज मोफत मिळेल. उपसायला पाणी मात्र उरणार नाही.