येत राहणाऱ्या पैशाचा हिशेब

'घरबसल्या कमवा. एकदाच मेहनत, आयुष्यभर उत्पन्न.' एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेली ही जाहिरात आता मोबाईलवर येते, एवढाच फरक. नोकरी करणाऱ्याला निवृत्तीची धास्ती असते, घर सांभाळणाऱ्या बाईला हातात स्वतःचा पैसा हवा असतो, आणि दोघांनाही हे वाक्य भुरळ घालते. त्यात सगळेच खोटे आहे असेही नाही. शिकवण्या, डबे, शिवणकाम या धंद्यांत हात थांबला की पैसा थांबतो. पण आज केलेल्या कामाचा मोबदला पुढची दहा-वीस वर्षे थोडा थोडा मिळत राहील, असे काही धंदे खरोखर आहेत. ते घरच्या बैठकीच्या खोलीतून चालतात आणि आपल्याकडे ते जुने आहेत.

पिशवीतला धंदा

मराठी मध्यमवर्गाने असे उत्पन्न सर्वात आधी पाहिले ते विमा एजंटकडे. आयुर्विमा महामंडळाच्या आधीही इथे विमा होता. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. अशा देशभरच्या छोट्यामोठ्या २४५ संस्था पुढे एका छत्राखाली आल्या. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर केला आणि १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले; मराठी माणसाला तो राजीनामा जास्त आठवतो.

एजंटला पगार नाही, त्याला कमिशन. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर २०२४ पर्यंत कित्येक दशके चाललेली रचना अशी होती: पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर बोनस कमिशन धरून ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि पुढे पॉलिसी चालू असेपर्यंत पाच टक्के. वीस वर्षांच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता २४,००० रुपये धरा. एजंटला पहिल्या वर्षी ८,४०० रुपये मिळतात, पुढची दोन वर्षे १,८०० आणि नंतरची सतरा वर्षे १,२०० रुपये दरसाल. वीस वर्षांची बेरीज ३२,४००. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश पैसे पहिल्या वर्षानंतर येतात. धंद्यात याला रिन्यूअल म्हणतात, आणि मुरलेला एजंट 'यंदा किती पॉलिसी केल्या' यापेक्षा 'रिन्यूअल किती झालं' हे आधी सांगतो.

आयकर खात्यालाही हा फरक ठाऊक होता. १९९३ च्या एका परिपत्रकानुसार, वर्षाला साठ हजारांपेक्षा कमी कमिशन मिळवणाऱ्या एजंटांना खर्चापोटी सरसकट वजावट मिळे: पहिल्या वर्षाच्या कमिशनवर ५० टक्के, रिन्यूअलवर फक्त १५ टक्के. नवे गिऱ्हाईक आणताना चपला झिजतात, जुने सांभाळायला तेवढा खर्च येत नाही, हे सरकारने असे आकड्यांत मांडले होते.

ठरलेली वर्षे काम केलेल्या एजंटचे निधन झाले, तर त्याचे रिन्यूअल वारसाला मिळत राहते. नवरा गेल्यानंतर त्याच्या जुन्या पॉलिसींच्या कमिशनवर घर सावरलेल्या बायका अनेक गावांत आढळतील.

गळती

इथपर्यंतचा हिशेब कागदावर फार गोड दिसतो. वर्षाला चाळीस पॉलिसी, सरासरी हप्ता वीस हजार आणि दहा वर्षे काम. चारशे पॉलिसींवर सरसकट पाच टक्के धरले तरी वर्षाला चार लाख रुपये बसल्या जागी. त्यातल्या निम्म्या पॉलिसी बंद पडल्या, की दोन लाख.

पॉलिसी बंद पडणे हे या धंद्यातले रोजचे दुखणे आहे. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, ती उलटली की पॉलिसी लॅप्स. कुणाची नोकरी जाते, कुणी गाव बदलते, आणि पुष्कळांना आपण नेमके काय घेतले हेच समजलेले नसते. मार्चमध्ये करबचतीच्या घाईत गळ्यात मारलेली पॉलिसी पुढच्या मार्चपर्यंत टिकली तर नशीब.

पहिल्या हप्त्यातला आपला वाटा गिऱ्हाइकाला परत देऊन पॉलिसी काढण्याची एजंटांची खोड याच घाईतून येते. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार ही सूट देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे, दंड दहा लाख रुपयांपर्यंत. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार आतबट्ट्याचाच. पहिल्या वर्षाचे उत्पन्न हातचे जाते, आणि फुकटात पॉलिसी मिळालेला माणूस दुसरा हप्ता भरायला फारसा उत्सुक नसतो.

ज्यांचे रिन्यूअल वाढत जाते, त्यांचे काम पाहिले तर 'घरबसल्या' या शब्दाचा अर्थ बदलतो. हप्त्याची तारीख कळवणे, बंद पडलेली पॉलिसी चालू करून देणे, लग्नानंतर नॉमिनी बदलणे, मॅच्युरिटीचे कागद भरणे, आणि घरातला माणूस गेल्यावर क्लेमसाठी त्या घरी वेळेवर पोहोचणे. यातल्या एकाही कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत. रिन्यूअल म्हणजे या सगळ्याची एकत्रित मजुरी.

नियमही आता त्याच दिशेने सरकले आहेत. मध्येच पॉलिसी सोडणाऱ्याला जास्त पैसे परत देण्याची तरतूद १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. त्याबरोबर महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन घटवून पुढच्या वर्षांचे वाढवले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला पानिपतमध्ये सुरू झालेल्या 'विमा सखी' योजनेतही हेच सूत्र आहे. दहावी उत्तीर्ण महिलांना पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळते. पण पुढच्या वर्षाचे विद्यावेतन हवे असेल तर आदल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असाव्या लागतात. विद्यावेतन तिसऱ्या वर्षी संपते, म्हणजे तोवर रिन्यूअलने त्याची जागा घेतली पाहिजे.

पोस्टाच्या ताई आणि फंडाचे वितरक

भांडवल नसलेल्या बाईसाठी याहून साधा मार्ग पोस्टात आहे. १९७२ पासूनच्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत फक्त महिला एजंट होऊ शकतात. पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीची खाती उघडायची, दरमहा पैसे गोळा करून पोस्टात भरायचे, त्यावर चार टक्के कमिशन. हजार रुपयांची शंभर खाती असतील तर महिन्याला चार हजार रुपये. एक खाते साठ महिने चालते, म्हणून उत्पन्नाला सलगता येते. पण दर महिन्याचा फेरा चुकत नाही आणि दुसऱ्यांची रोख आपल्याकडे असते, तेव्हा नोंदवही चोख हवी.

म्युच्युअल फंडाच्या वितरकाचे गणित सर्वात सोशीक माणसासाठी आहे. ठरलेली परीक्षा द्यायची, फंड उद्योगाच्या संघटनेकडून नोंदणी क्रमांक घ्यायचा. २००९ मध्ये सेबीने गुंतवणूकदाराकडून सुरुवातीलाच कापला जाणारा भार बंद केला. २०१८ मध्ये वितरकाला आगाऊ कमिशन देणेही थांबवले. उरले ते ट्रेल कमिशन: गुंतवणूक जितके दिवस राहील तितके दिवस तिच्या मूल्यावर मिळणारा अंश.

पाऊण टक्का ट्रेल धरा. कुणी दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी सुरू केली, तर पहिल्या पूर्ण वर्षात वितरकाला अडीचशे रुपयेही मिळत नाहीत. तेवढ्यात पेट्रोल निघत नाही. मात्र अशी शंभर माणसे दहा वर्षे टिकली, तर बाजाराची वाढ न धरताही मुद्दल सहा कोटी होते आणि ट्रेल वर्षाला साडेचार लाख. बाजार पडला की हे उत्पन्नही पडते. शिवाय १ जानेवारी २०१३ पासून गिऱ्हाईक वितरकाला वगळून थेट डायरेक्ट प्लॅन घेऊ शकते. त्यानंतरही कुणी आपल्याकडे राहत असेल, तर घसरणीच्या दिवसांत धीर देणारा माणूस त्याला हवा आहे म्हणूनच.

लेखक-गीतकारांची रॉयल्टी याच जातीची, फक्त तिची मुदत कायद्याने ठरते: लेखकाची हयात आणि मृत्यूनंतर साठ वर्षे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकते.

साखळी कुठे तुटते

या रांगेत साखळी योजना बेमालूम घुसतात. शब्दही तेच: नेटवर्क, टीम, आयुष्यभर उत्पन्न. फरक कळायला गुणाकार पुरतो. प्रत्येकाने खाली सहा माणसे जोडायची म्हटली, तर दहाव्या पायरीवर सहा कोटींहून जास्त माणसे लागतात. अकराव्या पायरीवर ३६ कोटी, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. बाराव्या पायरीला अख्खा भारत अपुरा पडतो. पहिल्या तीन-चार पायऱ्यांवरच्यांना जे मिळते ते शेवटच्या पायरीच्या खिशातून जाते, आणि शेवटची पायरी नेहमी सर्वात मोठी असते. सभागृहात स्टेजवर मात्र पहिल्या पायऱ्यांवरचेच बोलतात.

अशा पैसाफिरवू योजनांवर १९७८ पासून कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे आणि विक्रेत्याकडून प्रवेश शुल्क घेण्यालाही. माल खरा असेल, गिऱ्हाईक तो वापरण्यासाठी घेत असेल आणि कमाई विक्रीतून होत असेल, तर तो धंदा. कमाई माणूस भरती केल्याबद्दल होत असेल, तर तो सापळा, मग वर साबण ठेवा नाहीतर च्यवनप्राश.

घरातून असा व्यवसाय सुरू करणाऱ्याने म्हणून तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येतो? तो माणूस पुढच्या वर्षीही तो आनंदाने का देईल? आणि उत्पन्न घर चालवण्याइतके होईपर्यंतची तीन ते पाच वर्षे आपला खर्च कशातून भागणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत जोडीदाराची नोकरी किंवा आधीची शिल्लक असते. ते नसेल तर डबे, शिकवण्या चालू ठेवाव्यात आणि फावल्या वेळात गिऱ्हाईक जोडावे. घाईने पैसा हवा असलेला एजंटच चुकीची पॉलिसी विकतो, आणि चुकीची पॉलिसी दुसऱ्या वर्षी त्याचेच उत्पन्न बुडवते.