विचारण्याची पाळी उमेदवाराची

खासगी क्षेत्रातील नोकरीची मुलाखत बहुधा एका ठरावीक वाक्याशी येऊन थांबते : ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ पहिल्या नोकरीसाठी आलेले उमेदवार त्यावर पुष्कळदा ‘नाही सर, काही नाही’ असे म्हणून उठतात आणि ते नम्रतेचे लक्षण मानले जाते. वस्तुतः अर्ध्यापाऊण तासाच्या त्या बोलण्यात माहिती उलट दिशेने, म्हणजे कंपनीकडून उमेदवाराकडे, येण्याची ती जवळपास एकमेव संधी असते, आणि ती सोडून दिल्याने होणारे नुकसान उमेदवारालाच पुढे अनेक महिने सोसावे लागते.

व्यवहारातील एका पक्षाला जे ठाऊक असते ते दुसऱ्याला ठाऊक नसणे, याला अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने ती उलगडून दाखवली, तर मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरभरतीत मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नसल्यामुळे पदवीसारख्या खुणांना महत्त्व कसे येते, हे मांडले. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्पेन्स यांच्या मांडणीत अज्ञान मालकाचे आहे. उमेदवाराचे अज्ञान मात्र त्याहून मोठे असते, कारण कंपनीच्या हाती गुणपत्रिका, लेखी चाचणी आणि जुन्या ठिकाणी चौकशी करण्याची सोय असते, तर उमेदवाराच्या हाती जाहिरातीतल्या चार ओळी.

मराठी मध्यमवर्गात हे मौन रुजण्यामागे एक कारण असावे. सरकारी नोकरीत वेतनश्रेणी जाहिरातीतच छापलेली असते, रजा आणि निवृत्तिवेतन नियमपुस्तिकेत असते, त्यामुळे मंडळासमोर बसलेल्या उमेदवाराने काही विचारण्याचा प्रसंगच येत नाही. ज्या घरांत आधीच्या पिढीची नोकरी अशी होती, तेथे मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा, ही समजूत वारशाने आली. हिंजवडीतील संगणक कंपनी किंवा चाकणचा कारखाना यांच्या बाबतीत तसे छापील पुस्तक उमेदवारासमोर नसते. तेथे विचारल्यावाचून कळत नाही.

मात्र काय विचारावे यापेक्षा कसे विचारावे, हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ‘तुमच्याकडे कामाचे वातावरण कसे आहे?’ या प्रश्नाला ‘उत्तम’ याखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही, कारण तो विशेषण मागतो. मुलाखत घेणाऱ्यांनी स्वतःची पद्धत याच अनुभवातून सुधारली : ‘अडचण आल्यास काय कराल?’ असे विचारले की पाठ केलेले आदर्श उत्तर येते, म्हणून ‘मागच्या वेळी अडचण आली तेव्हा काय केले?’ असे विचारावे, हे तत्त्व गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत भरतीशास्त्रात स्थिरावले. गतवर्तनावर आधारलेली ही पद्धत उमेदवारालाही तितकीच उपयोगी आहे, आणि ती फक्त एकाच बाजूने वापरली जावी याला काही कारण नाही.

उदाहरणार्थ, ‘या जागेवर आधी जे होते ते आता कोठे आहेत?’ हा साधा प्रश्न घ्यावा. त्यांना बढती मिळाली असेल तर उत्तर चटकन आणि नावानिशी येते. जागा नवी असेल तर ती कशासाठी निर्माण केली, हे सांगितले जाते. पण दीड वर्षात तिघे सोडून गेले असतील तर समोरचा अधिकारी क्षणभर शेजाऱ्याकडे पाहतो आणि ‘त्यांची वैयक्तिक कारणे होती’ असे म्हणतो. तो क्षणभराचा विलंब हेही उत्तरच असते. ‘मागच्या महिन्यात टीम किती शनिवार कामावर होती?’, ‘पहिल्या सहा महिन्यांत काय झाले म्हणजे ही नेमणूक योग्य ठरली असे तुम्ही म्हणाल?’ हे प्रश्न याच जातीचे आहेत. यांतला शेवटचा तर उमेदवाराची बाजूही उंचावतो, कारण त्यातून कामाचा विचार आधीच सुरू झाल्याचे दिसते.

पैशाचा प्रश्न टाळण्यात शहाणपण नाही. तो तांत्रिक फेरीत न विचारता एचआरशी बोलताना विचारावा, एवढेच. ‘पॅकेज’ किंवा सीटीसी म्हणजे कर्मचाऱ्यामागे कंपनीला वर्षाकाठी येणारा एकूण खर्च. तो म्हणजे पगार नव्हे. समजा सहा लाखांचे पॅकेज आहे आणि त्यात मूळ वेतन निम्मे, म्हणजे तीन लाख, आहे. त्यावर १२ टक्के दराने कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा ३६,००० रुपये, ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटीची तरतूद १४,४३० रुपये, आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, म्हणजे ‘व्हेरिएबल’, ६०,००० रुपये धरली, तर महिन्याला सुमारे ४०,८०० रुपये उरतात. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा वाटा ३,००० आणि व्यवसाय कर २०० रुपये गेल्यावर हातात साधारण ३७,६०० रुपये पडतात. पन्नास हजारांच्या हिशेबाने पुण्यात घरभाडे ठरवणाऱ्याची येथे मोठी फसगत होते. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत साधारणतः सलग पाच वर्षे झाल्यावरच मिळते. म्हणून ‘हातात किती येतील, आणि मागच्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के दिले गेले?’ असे विचारणे पूर्णपणे रास्त आहे.

बाँड, म्हणजे ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार, याबद्दल ‘तो नुसता कागद असतो’ असे मित्रमंडळी सांगतात. ते धोक्याचे आहे. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. बाँड असल्यास तो कोणत्या खर्चापोटी आहे आणि मुदत नेमकी कोणत्या दिवसापासून मोजली जाते, हे सहीपूर्वीच विचारले पाहिजे.

काही प्रश्नांना मात्र योग्य वेळेची वाट पाहावी लागते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. तरीही निवडीआधी त्याची चौकशी केल्यास मनात नकळत शेरा मारला जाईल, ही महिला उमेदवारांची भीती निराधार म्हणता येत नाही, आणि ही स्थिती अन्याय्य आहे. ती बदलत नाही तोवर ऑफर लेटर हाती आल्यावर आणि होकार कळवण्याआधी, या मधल्या काळात असे प्रश्न ई-मेलने विचारणे अधिक सुरक्षित ठरते, कारण त्यांचे उत्तरही लेखी येते.