सूर्यास्ताला बारा

१९३१ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस शहरी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांचा विवाह दुर्रुशहवार यांच्याशी झाला, आणि ज्या पदच्युत खलिफा अब्दुल मजीद यांना हैदराबादच्या खजिन्यातून तनखा मिळत होता, त्यांचीच कन्या हैदराबादची सून झाली. खलिफांच्या या तुर्की उस्मानी घराण्याच्या वैभवकाळी लंडन आणि जिनिव्हा येथील कारागीर खास तुर्की गिऱ्हाइकांकरिता मिनाकारीची सुवर्ण घड्याळे घडवीत असत. जिनिव्हाच्या घड्याळजींची एक वस्तीच कॉन्स्टँटिनोपलात होती. तत्त्वज्ञ रूसोचे वडील इझाक हे तेथील सुलतानाच्या राजवाड्यात घड्याळजी म्हणून राहिले होते.

तुर्की दस्तुराप्रमाणे काळाची मोजणी सूर्यास्तापासून होई. सूर्य मावळला की बारा वाजले, आणि सूर्यास्त ऋतुमानाप्रमाणे मागेपुढे सरकत असल्याने मालकास काटे वारंवार जुळवून घ्यावे लागत. ज्याची चूक साक्षात सूर्यनारायण सुधारून देतो, त्या यंत्राकडून फार काटेकोरपणाची अपेक्षा कोण करील? शंकूवर बारीक साखळी गुंडाळणारे जुन्या धाटणीचे यंत्र या बाजारात एकोणिसाव्या शतकातही मानाने टिकून राहिले, त्याचे एक कारण हेच असावे.

खरी शर्थ मात्र बाहेरच्या डब्यांवर होई. लंडनच्या जॉर्ज प्रायर व मार्क्विक मार्कम यांच्या नावाची घड्याळे एकात एक बसणाऱ्या तीन-तीन डब्यांत येत, त्यांतली एखादी कासवाच्या कवचाने मढवलेली असे, आणि चौथी डबी पुष्कळदा तुर्कस्तानातच घडवून वर चढवली जाई. काचेची रंगीत पूड सोन्यावर पसरून ती भट्टीत वितळवायची, अधिक उष्णता सोसणारे रंग आधी व नाजूक रंग मागून, अशा अनेक आंचा द्यायच्या, आणि शेवटच्या आंचेत तडा गेला तर सारी मेहनत मातीमोल! तबकडीवर रोमन अंकांऐवजी तुर्की लिपीतले अंक असत. चित्रांतून मनुष्याकृती बहुधा वगळून पुष्पगुच्छ, शस्त्रास्त्रांचे पुंज आणि जलतीरावरील इमारती रंगवीत.

गिऱ्हाइकाच्या रुचीपुढे युरोपच्या कारखान्यांनी मान तुकवल्याचे असे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. हैदराबादच्या दिवाण देवडीत देशोदेशीच्या वस्तूंचा संचय करणारे तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान (१८८९–१९४९) यांची दृष्टी थोर खरी, परंतु युरोपची कला त्यांनी बव्हंशी जशी होती तशीच घरी आणली. त्यांच्या संग्रहालयात ज्याचे टोल पाहण्यास दर तासाला गर्दी लोटते, ते विलायती घड्याळ कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे. तुर्की खरेदीदाराने विलायतेला आपला काळ मोजावयास लावले.

पुढे १९२५ च्या डिसेंबरात अंकाऱ्याच्या प्रजासत्ताक सरकारने कायदा करून मध्यरात्रीपासून मोजणीची चोवीस तासांची पद्धत लागू केली. १ जानेवारी १९२६ पासून सूर्यास्ताच्या बारांना सरकारदरबारी काही किंमत उरली नाही.