काठावर गाडी, समोर शीड: टेक्सासचं बर्ड आयलंड बेसिन

विंडसर्फिंगसाठी मुक्काम निवडताना विजेच्या सॉकेटआधी वारा पाहावा. टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीजवळच्या पाड्रे आयलंड नॅशनल सीशोअरला गेलं की हे लगेच पटतं. तिथल्या बर्ड आयलंड बेसिनमध्ये आरव्ही, म्हणजे मुक्कामाची गाडी, लागुना माद्रे या खाजण सरोवराच्या काठी लावता येते.

जागेची खरी श्रीमंती तिच्या रचनेत आहे. मेक्सिकोच्या आखातावरून आग्नेयेचा वारा येतो. मधलं लांबट, सखल बेट आखाताच्या लाटा अडवतं, वारा मात्र जाऊ देतो. त्यामुळे भरवाऱ्यातही पाणी बरंच सपाट राहतं आणि नवशिक्यालाही बोर्डवर उभं राहायचं धाडस होतं. सरोवर उथळ आहे, पडलात तर अनेक ठिकाणी पाय टेकतात. पण हाच वारा काठापासून दूर नेतो, म्हणून परतीची ताकद राखूनच लांब जावं.

उथळ पाण्यात समुद्री गवत असतं. बोर्डच्या तळाशी असलेली पात्यासारखी फिन लांब असेल तर ती तळाला घासते, गवतात अडकते. आखूड, मागे झुकलेली फिन बरी. पाण्यात पाय उचलून टाकू नयेत, घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेली पाकटं बाजूला सरकतात.

मुक्कामाच्या जागेवर मात्र वीज, नळ, सांडपाण्याची जोडणी यांपैकी काहीच नाही! पाणी भरायची आणि टाकी रिकामी करायची सोय त्याच उद्यानात मालाकीट कॅम्पग्राउंडजवळ आहे. तळ ठोकण्याआधीच तिकडे एक फेरी मारून यावी.