चाव्यांची बासरी : किंमत कमी, पण सूर पुरा

खंडाळा म्हटले की पुष्कळांना लोणावळ्याजवळचा घाट आठवतो. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. आमच्या भागातील विहारांत सायंकाळी गायनाची तालीम बसते. हार्मोनियम, ढोलकी, तबला ही वाद्ये तर असतातच. अलीकडे काही मुले चाव्यांची बासरी आणू लागली आहेत. कोणी बँडवाल्याकडून जुनी घेतो, कोणी दुकानातून स्वस्तातली नवी आणतो. पण दोन-तीन महिन्यांत ती माळ्यावर जाऊन पडते. फुंकले तर हवाच जास्त आणि सूर कमी. मग घरातले म्हणतात, "पोराच्या अंगात कला नाही." पोरगाही ते खरे मानतो. पैसे गेले याचे दुःख आहेच, पण मुलाचा स्वतःवरचा विश्वास जातो, ते नुकसान मोठे. दोष बहुतेक वेळा मुलात नसतो आणि बासरीच्या किमतीतही नसतो. तो कोठे असतो हे सांगण्यासाठी हा लेख.

आपण का वाजवायचे?

काही वडीलधारी माणसे विचारतात, "वाजवण्याची कामे आम्ही टाकून दिली, आता पोरांनी पुन्हा वाद्य का धरायचे?" प्रश्न योग्य आहे. गावकीच्या काळात दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या हुकमाने वाजवणे अनेक ठिकाणी दलित जातींच्या माथी मारलेले होते. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी लाचारीची कामे सोडायला शिकवले आणि समाजाने ती सोडली. ते योग्यच झाले. पण सोडायची होती ती सक्ती. कलेशी आपले वैर नव्हते. बाबासाहेबांच्या बालपणी रामजी सुभेदारांच्या घरात कबीराची भजने म्हटली जात, आणि उतारवयात स्वतः बाबासाहेबांनी व्हायोलिन हाती घेतले. आपल्या विहारात, आपल्या इच्छेने, अभ्यास करून वाजवणे ही स्वाभिमानाची गोष्ट आहे.

धम्माची आडकाठी येते का, असेही कोणी विचारतात. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक गायन-वादनापासून दूर राहतात. रोजच्या पंचशीलात तसा नियम नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यात नर्तकीभोवती वादक स्त्रिया आहेत आणि त्यांच्या ओठांशी आडव्या बासऱ्या आहेत. म्हणजे आडवी बासरी आपल्या वारशातलीच आहे.

चाव्या कोठून आल्या?

जर्मनीतील म्युनिक शहरात थिओबाल्ड बोम (१७९४-१८८१) नावाचा सोनारकाम जाणणारा बासरीवादक होता. त्याने १८३२ मध्ये आणि पुढे १८४७ मध्ये बासरीची रचना बदलली. सुरासाठी भोक जेथे हवे तेथे पाडले आणि बोट पोहोचत नाही तेथे चावी बसवली. आजची बासरी त्याच रचनेची आहे. बांबूच्या बासरीवर पट्टी बदलली की सहसा बासरी बदलावी लागते. चाव्यांच्या एकाच बासरीवर बाराही स्वर निघतात. एक गायक काळी चारमध्ये गातो, दुसरी गायिका पांढरी पाचमध्ये. अशा गायन पार्टीला ही मोठी सोय आहे. मींड मात्र बांबूवर जशी सहज येते तशी येथे येत नाही, हेही आधीच जाणून घ्यावे.

स्वस्त बासरी बहुधा जर्मन सिल्व्हरची असते. नाव असे असले तरी त्यात चांदी नसते, तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे. त्याने नाउमेद होऊ नये. बासरीत आवाज करते ती आतली हवा. त्यामुळे धातूपेक्षा फुंकीच्या भोकाची कड आणि चाव्यांची घट्ट बंदिस्ती यांना महत्त्व जास्त.

आधी नुसते डोके फुंका

बासरीचे तीन तुकडे असतात : डोके, धड आणि पाय. पहिले आठ-दहा दिवस फक्त डोक्याचा तुकडा हाती घ्यावा. खालचा ओठ भोकाच्या कडेवर असा टेकवावा की भोकाचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला जाईल. ओठ फार ताणू नयेत. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवून समोरच्या कडेवर फुंकर सोडावी. अर्धी हवा भोकात, अर्धी बाहेर. आरशासमोर उभे राहावे. फुंकर कोठे पडते ते पट्टीवर उमटणाऱ्या वाफेच्या डागावरून कळते. डाग भोकाच्या समोर, मधोमध हवा.

तुकड्याचे उघडे तोंड तळहाताने बंद करून फुंकले तर साधारण हार्मोनियमची मधली पांढरी सहा ऐकू येते. तोंड उघडे ठेवले तर तीच पांढरी सहा वरच्या सप्तकात. हा सूर बारा-पंधरा सेकंद न हलता टिकला की पुढे जावे. येथेच सूर येत नसेल तर फुंकर चुकते आहे. येथे सूर स्वच्छ आला, पण पूर्ण बासरी जोडल्यावर बिघडला, तर बासरी गळते आहे. एवढी परीक्षा केली तरी निम्मा उलगडा होतो.

गळती शोधा

चावीखाली नमद्याची पातळ गादी असते, तिच्यावर नाजूक पापुद्रा असतो. तिला पॅड म्हणतात. एक पॅड जरी नीट बसला नाही तरी त्याच्या खालचे सगळे सूर फुसके होतात. पांढरी सातपासून सुरुवात करून एकेक बोट वाढवीत खाली यावे : पांढरी सहा, पांढरी पाच, पांढरी चार. ज्या सुरावर आवाज अचानक विरतो, तेथे नव्याने बंद झालेल्या चावीवर पहिला संशय घ्यावा. सिगारेटच्या पातळ कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली ठेवावी, चावी हलके दाबावी आणि पट्टी ओढावी. ती सगळ्या बाजूंनी सारखी अडली पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाली तर गळती तेथेच. विसावलेल्या स्थितीत बंद राहणाऱ्या चाव्या, म्हणजे काळी चारची चावी आणि उजव्या हाताजवळच्या दोन छोट्या चाव्या, याही तपासाव्यात. त्या गळल्या तर सगळी बासरीच बिघडते.

एखादी चावी उघडतच नसेल किंवा लुळी पडली असेल, तर तिची सुईसारखी बारीक स्प्रिंग आकड्यातून निसटलेली असते. घरातल्या क्रोशाच्या सुईने ती परत अडकवता येते. पॅड बदलणे मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. जुनी बासरी घेतानाच ही परीक्षा करावी आणि दुरुस्तीचा खर्च धरून किंमत ठरवावी.

आणखी एक जागा पाहावी. डोक्याच्या बंद टोकात बूच असते. पुसायच्या काडीवर एक खूण असते. काडीचे ते टोक आत घालून बुचाला टेकवले की खूण फुंकीच्या भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे. हे अंतर सुमारे १७ मिलिमीटर असते. बूच सरकले असेल तर वरची आणि खालची सप्तके एकमेकांशी जुळत नाहीत.

बोटांच्या दोन चुका

पहिली : उजवी करंगळी आपल्या चावीवर बहुतेक सर्व सुरांना दाबलेली हवी, पांढरी दोन वाजवताना ती उचलावी. दुसरी : मधल्या सप्तकातील पांढरी दोन आणि काळी दोन यांना डाव्या हाताची तर्जनी उचलायची असते. हे न केल्याने सूर घुसमटतो आणि मुले अधिक जोराने फुंकतात. वरच्या सप्तकासाठी जोर नको. ओठ जरा पुढे, फट लहान आणि हवेला वेग, एवढेच पुरते.

रोज वीस मिनिटे लांब सूर धरावेत. गाणे त्यानंतर. दम पोटातून घ्यावा, खांदे उचलू नयेत.

हार्मोनियमशी जुळणी

थंड बासरी खाली बोलते, तापली की वर चढते. पहाटेच्या बुद्धवंदनेला आणि एप्रिलच्या दुपारी मिरवणुकीला तीच बासरी वेगळी लागते. हार्मोनियम आपल्यासाठी बदलत नाही. म्हणून आधी बासरीत नुसती गरम हवा सोडून ती ऊबदार करावी, मग डोक्याचा तुकडा किंचित बाहेर ओढून किंवा आत सरकवून सूर मिळवावा. ओठाखाली बासरी आत वळवली तर सूर उतरतो, बाहेर वळवली तर चढतो. पण ही सवय लावून घेऊ नये.

निगा

तंबाखू, पान, गोड चहा यांच्यानंतर चूळ भरल्याशिवाय फुंकू नये. साखरेने पॅड चिकटतात. तंबाखू सोडलीच तर बासरीचेही भले आणि घराचेही. वाजवून झाल्यावर काडीच्या नेढ्यात सुती फडके अडकवून आतला ओलावा पुसावा. जोडताना चाव्या मुठीत धरू नयेत, त्या वाकतात. चिकट पॅडखाली टिपकागद ठेवून चावी हलके दाबावी, पावडर घालू नये. शिलाई मशीनचे तेल सुईच्या टोकावर येईल एवढेच, चावीच्या दांडीच्या सांध्यात घालावे, पॅडला लागू देऊ नये. पावसाळ्यात बासरी पेटीतच ठेवावी.

ताणही नको, ढिलाईही नको

सोण थेर भिक्खू होण्यापूर्वी वीणा वाजवीत. पुढे साधनेत त्यांनी पाय रक्तबंबाळ होईपर्यंत कष्ट केले आणि निराश झाले. तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना वीणेच्या तारांचीच आठवण दिली. अति ताणलेली तार नीट बोलत नाही आणि ढिली तारही बोलत नाही. ओठांचे, दमाचे आणि शिकवण्याचेही तसेच आहे. मुलाला रागावून सूर येत नाही आणि वाऱ्यावर सोडूनही येत नाही.

जयंती मंडळांना एक विनंती. एका मिरवणुकीच्या डीजेच्या भाड्यात अशा किती बासऱ्या येतील, त्यांची दुरुस्ती किती वर्षे चालेल, याचा हिशेब खजिनदाराने एकदा कागदावर मांडून सभेपुढे ठेवावा. डीजेचे पैसे त्याच रात्री संपतात. विहाराच्या कपाटातली बासरी एका मुलाकडून दुसऱ्या मुलीकडे जाते. हो, मुलीकडेही. आपण सावित्रीबाईंच्या तालुक्यातले आहोत. बँडमधून निवृत्त झालेले वादक गावोगाव आहेत. त्यांना मानाने बोलवावे, योग्य मानधन द्यावे आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराचे दार वादनासाठी उघडे ठेवावे.

जयभीम!